तिरक्या रेषेची बाजू

पर्स्पेक्टिव्ह या शब्दाला मराठीत 'यथार्थदर्शन' किंवा 'यथादर्शन' असे प्रतिशब्द रूढ आहेत. परिभाषा घडवणाऱ्यांचा कोणाविषयी पक्षपात करण्याचा हेतू असतो असे नाही. पण शब्द एकदा चलनात आला की तो आपल्याच बाजूने बोलू लागतो. जवळची वस्तू मोठी, लांबची लहान आणि समांतर रेषा क्षितिजावर एका बिंदूला मिळालेल्या, अशी जी रेखनपद्धती ती 'यथार्थ' ठरली. मग ज्या पद्धतीत समांतर रेषा शेवटपर्यंत समांतरच राहतात तिचे काय? तिला तंत्रशिक्षणाच्या पुस्तकांत 'तिर्यक प्रक्षेपण' म्हणतात. 'तिर्यक' म्हणजे आडवा, तिरपा. पशुपक्ष्यांच्या जन्माला 'तिर्यग्योनी' म्हणतात ते याच शब्दावरून. बोलीत त्याचा 'तिरका' झाला, आणि तिरके बोलणे, तिरकी चाल, तिरकस नजर या सगळ्यांत सरळपणाचा अभाव गृहीतच आहे. एकीला 'यथार्थ' म्हटले, दुसरीला 'तिर्यक'. मराठीत नाव देणे आणि नावे ठेवणे यांत फारसे अंतर नसते, त्याचे हे एक उदाहरण.

हा वाद केवळ शब्दांचा असता तर त्यासाठी दिवाळी अंकाची पाने खर्ची घालण्याचे कारण नव्हते. पण यथार्थदर्शन हीच रेखनाची बरोबर रीत आणि बाकी सगळ्या तिच्याकडे जाणाऱ्या अर्धवट पायऱ्या, ही समजूत आपल्या कलासमीक्षेत खोलवर मुरलेली आहे. तिच्यामुळे आपण जुनी चित्रे चुकीच्या फूटपट्टीने मोजली, आणि वस्तू घडवणाऱ्या माणसाच्या रेखाटनाला चित्रविचारात जागाच दिली नाही. कोणत्याही रेखाटनाची परीक्षा त्याने जे वचन दिले आहे त्यावरून करावी, न दिलेल्या वचनावरून करू नये, एवढेच या लेखाचे म्हणणे आहे. मी चित्रकलेचा रीतसर विद्यार्थी नाही. जे काही शिकलो ते ड्रॉइंग शीटवर रेघा मारताना आणि जुनी पुस्तके चाळताना. त्यामुळे विवेचनाची सुरुवात सिद्धांतापासून न करता वस्तूपासून करतो.

सूर्याची सावली, दिव्याची सावली

कामट्यांचा चौकोनी ठोकळ्यासारखा आकाशकंदील घ्या. कागद चिकटवण्यापूर्वीचा नुसता सांगाडा. सगळ्या बाजू सारख्या, म्हणजे भूमितीच्या भाषेत घन. कलत्या उन्हात तो भिंतीसमोर असा धरा की त्याची एक बाजू भिंतीला समांतर राहील. भिंतीवर जी सावली पडेल तिच्यात दोन चौरस दिसतील, एक भिंतीकडच्या बाजूचा आणि एक आपल्याकडच्या बाजूचा. दोन्ही अगदी सारख्या मापाचे, फक्त एकमेकांपासून सरकलेले, आणि त्यांचे कोपरे जोडणाऱ्या चार तिरक्या रेषा परस्परांना समांतर. हेच तिर्यक प्रक्षेपण. सूर्य इतका दूर आहे की त्याचे किरण आपल्यापुरते समांतर धरायला हरकत नाही. समांतर किरण भिंतीवर तिरपे पडले की निसर्ग आपण होऊन ही आकृती काढून देतो.

आता रात्री तोच सांगाडा विजेच्या दिव्यासमोर धरा. दिव्याजवळच्या चौरसाची सावली मोठी पडेल, भिंतीजवळच्याची लहान, आणि जोडणाऱ्या रेषा एका बिंदूकडे झुकतील. हे यथार्थदर्शनाचे गणित. फरक एवढाच, की तिथे दिव्याच्या जागी आपला डोळा असतो. सूर्याची सावली खोटी आणि दिव्याची खरी असे कोणी म्हणत नाही. दोन्ही एकाच सांगाड्याच्या सावल्या आहेत. उजेड किती अंतरावर आहे यावर त्या ठरतात.

किरण भिंतीवर लंब पडले तर दोन्ही चौरस एकमेकांवर बसतात आणि खोली नाहीशी होते. कारखान्यात समोरून, वरून आणि बाजूने अशी जी तीन दृश्ये काढतात ती या प्रकारची. मापाला ती चोख, पण तीन कागद मनात जोडून वस्तू उभी करण्याची सवय नसलेल्याला ती मुकी वाटतात. किरण थोडे तिरपे केले की समोरची बाजू जशीच्या तशी राहते आणि खोलीही दिसू लागते. किरण भिंतीशी ४५ अंशांचा कोन करत असतील तर दोन चौरसांमधले सरकणे घनाच्या कडेइतकेच भरते. या प्रकाराला 'कॅव्हेलिअर' म्हणतात. तो कोन सुमारे ६३.४ अंश झाला की सरकणे बरोबर निम्मे होते. हा 'कॅबिनेट' प्रकार. किल्ल्याच्या तटावरच्या उंच बुरूजवजा चौथऱ्याला कॅव्हेलिअर म्हणत, त्यावरून पहिले नाव आले असे सांगतात. दुसरे कपाटे करणाऱ्या कारागिरांकडून आले असे म्हणतात. दोन्ही नावांचा संबंध चित्रशाळेशी नाही, बांधकामाशी आणि सुतारकामाशी आहे, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

विद्यार्थी येथे दोन कोनांची नेहमी गल्लत करतात. किरणांचा भिंतीशी होणारा कोन मागे जाणाऱ्या रेषेची लांबी ठरवतो. ती रेषा कागदावर ३०, ४५ की ६० अंशांनी चढवायची हे वेगळे. ते सेटस्क्वेअरच्या आणि आपल्या सोयीवर आहे. समजा, ४० मिलिमीटर कडेचा घन काढायचा आहे. आधी ४० बाय ४० चा चौरस काढायचा. त्याच्या कोपऱ्यांतून ४५ अंशांच्या समांतर रेषा काढून त्यांवर कॅव्हेलिअरसाठी ४० आणि कॅबिनेटसाठी २० मिलिमीटर मोजायचे, आणि टोके जोडायची. संपले. लोपबिंदू नाही, क्षितिजरेषा नाही, पाहणाऱ्याने कुठे उभे राहावे याची अट नाही.

या साधेपणातून काय मिळते ते पुली किंवा पाइपाची फ्लँज काढताना कळते. आयसोमेट्रिक पद्धतीत, म्हणजे तिन्ही बाजू सारख्याच कलत्या ठेवल्या असता, प्रत्येक वर्तुळाचे लंबवर्तुळ होते आणि ते चार केंद्रे घेऊन जुळवावे लागते. तिर्यक प्रक्षेपणात वर्तुळाची बाजू समोर ठेवली की कंपासने एकदाच वर्तुळ काढायचे. म्हणून पाठ्यपुस्तकांत दोन नियम सांगतात: ज्या बाजूवर वर्तुळे आणि वळणे जास्त ती समोर ठेवा, आणि वस्तूची लांब बाजू समोरच्या पातळीला समांतर राहू द्या. हे नियम वाचताना कोरडे वाटतात, पण त्यांत एक निवड दडलेली आहे. वस्तूचे कोणते अंग जसेच्या तसे राहिले पाहिजे आणि कोणते वाकवले तरी चालेल, हे रेखनकाराला आधी ठरवावे लागते. ते ठरवायचे तर वस्तू नुसती पाहून भागत नाही, ती कळावी लागते.

हातभर उलगडणारे चित्र

यथार्थदर्शनाची जन्मकथा सर्वांना ठाऊक आहे. फ्लॉरेन्समध्ये ब्रुनेलेस्कीने पंधराव्या शतकाच्या आरंभी केलेले प्रयोग, १४३५ मध्ये अल्बेर्तीने चित्रकलेवर लिहिलेला ग्रंथ, आणि मग चारशे वर्षांचे राज्य. तिर्यक रेखनाला अशी जन्मकथा नाही. तिचा शोध कोणी एकाने लावला असे म्हणता येत नाही, म्हणून तिच्या नावे पुतळाही नाही. पण तिने कामे कोणती केली ते पाहता येते.

चीनमध्ये पट्टी लावून इमारती रेखाटण्याची 'जिएहुआ' नावाची एक स्वतंत्र चित्रशाखाच होती. बाराव्या शतकातील झांग झेदुआनची नदीकाठच्या नगराची चित्रगुंडाळी प्रसिद्ध आहे. उंची जेमतेम पाव मीटर, लांबी पाच मीटरांहून जास्त. अशी गुंडाळी भिंतीवर टांगून पाहायची नसते. उजवीकडून डावीकडे हातभर उलगडायची, तेवढे पाहायचे, आणि मागचे गुंडाळत पुढे जायचे. आता या चित्राला एकच लोपबिंदू दिला आहे अशी कल्पना करा. चित्रभर त्या एका जागेकडे सगळी घरे झुकतील, आणि ती जागा उलगडलेल्या हातभर भागात बहुतेक वेळ नसेलच. समांतर रेषांना ही अडचण येत नाही. त्यातली घरे, होड्या, दुकाने कुठूनही पाहिली तरी तितकीच सुसंगत राहतात, कारण पाहणाऱ्याची जागा मुळात बांधलेलीच नाही. जपानमधील बाराव्या शतकातील गेन्जीच्या चित्रमालिकेत तर घराचे छप्परच काढून टाकलेले असते आणि तिरक्या भिंतींमधून आतली माणसे आपण वरून पाहतो. कथा सांगायची आहे. छप्पर आड येते, तर छप्पर काढा. हा अडाणीपणा नव्हे. काय दाखवायचे ते पक्के ठाऊक असणाऱ्याचा हा निर्णय आहे.

आपल्याकडचा दाखला यापेक्षा बोलका आहे. १५८० मध्ये जेझुइट पाद्री अकबराच्या दरबारी फतेहपूर सिक्रीला आले. सोबत आणलेल्या भेटींत कोरीव चित्रांनी सजलेले बहुभाषी बायबल होते. पुढच्या काही दशकांत मुघल चित्रकारांनी त्यातून पुष्कळ उचलले: अंगाला गोलाई देणारी छटा, वस्त्रांच्या चुण्या, दूरवर फिकट होत जाणारी टेकडी, पार्श्वभूमीतले इवलेसे शहर. पण चित्राच्या पुढच्या भागातला महाल, गच्ची, तख्त, गालिचा मात्र बहुधा समांतर तिरक्या रेषांतच राहिला. म्हणजे दूरची गोष्ट लहान काढतात हे त्यांना माहीत होते, आणि हवे तिथे ते काढतही होते. जिथे कोण कुठे बसला आहे, कोणाचा मान कोणता, गालिच्यावरची नक्षी कशी, हे सगळे स्पष्ट राहायला हवे, तिथे त्यांनी आपली पद्धत सोडली नाही. ज्याला दोन भाषा येतात आणि जो एका प्रसंगी एक व दुसऱ्या प्रसंगी दुसरी बोलतो, त्याला दुसरी भाषा नीट येत नसावी असा निष्कर्ष आपण काढत नाही. चित्रांच्या बाबतीत मात्र तो सर्रास काढला गेला.

युरोपातही ही पद्धत कधी मेली नव्हती, ती फक्त चित्रशाळेतून उठून छावणीत गेली होती. जिरोलामो माज्जी आणि जाकोपो कास्त्रिओत्तो यांचा शहरांच्या तटबंदीवरील ग्रंथ १५६४ मध्ये व्हेनिसला छापला गेला. त्यात चित्रकारांचे दर्शनरेखन नाकारून शिपायांच्या रेखनाचा कैवार घेतला आहे. त्यामागचे कारण रोखठोक आहे: दर्शनरेखनात मापे आखडून जातात, आणि तटबंदीत तर सारा व्यवहार मापांचाच. लांबचा बुरूज लहान काढला तर तोफेचा पल्ला कशावरून मोजणार?

ग्रिफिथ्स यांची फूटपट्टी

आता समीक्षेकडे वळू. मुंबईत १८५७ साली सुरू झालेल्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ ते १८८५ या काळात अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला केल्या. गुहेतला अंधार, उन्हाळा, ओल या सगळ्याला तोंड देत झालेले ते काम आहे. १८९६-९७ मध्ये त्यावर आधारलेले दोन खंड निघाले. अजिंठ्याविषयी ग्रिफिथ्स यांना मनापासून आदर होता यात शंका नाही. म्हणूनच त्यांचे एक मत तपासण्याजोगे आहे. सोळाव्या लेण्यातील मरणोन्मुख राजकन्येच्या चित्राविषयी लिहिताना त्यांनी भावदर्शनात त्याच्या तोडीचे दुसरे नाही असे म्हटले. पण त्याच दमात फ्लॉरेन्सच्या चित्रकाराला रेखाटन आणि व्हेनिसच्या चित्रकाराला रंग यांहून चांगले साधले असते, अशीही नोंद केली.

हे वाक्य स्तुतीचे आहे, आणि म्हणूनच घातक आहे. भाव आमचा, रेखाटन त्यांचे, अशी ती वाटणी. पुढे स्वदेशीच्या काळात आपल्या अभिमानी समीक्षकांनी हीच वाटणी उलट बाजूने स्वीकारली. भारतीय चित्रकार बाह्य जगाच्या यथार्थ रूपाच्या मागे लागला नाही, तो अंतरंगाच्या मागे होता, असे म्हणून आपण आपली बाजू सावरली. या उत्तरात एक कबुली आहे. बाह्य जगाची व्यवस्थित मांडणी करणे आपल्याला आले नाही किंवा आपण ते मनावर घेतले नाही, हे त्यात मान्य केलेले आहे. ग्रिफिथ्स यांची फूटपट्टी आपण नाकारली नाही. तिने मोजण्याचे तेवढे टाळले.

अजिंठ्याच्या भिंतींसमोर उभे राहिले की वेगळेच दिसते. तिथले ठोकळ्यांसारखे खडक, मंडपांचे खांब आणि छपरे यांच्या कडा एका बिंदूकडे धावत नाहीत. सतराव्या लेण्यातील विश्वंतर जातकात तोच राजपुत्र एकाच सलग भिंतीवर पुन्हा पुन्हा येतो. इथे दान देतो, तिथे नगर सोडतो. पाहणारा भिक्षू किंवा यात्रेकरू हातात दिवा घेऊन भिंतीच्या कडेने चालत असणार. त्याला एका जागी खिळवून ठेवणारी रचना इथे निरुपयोगी ठरली असती. चालणाऱ्या माणसासाठी काढलेल्या चित्राला उभ्या माणसाचे नियम लावायचे आणि मग ते रेखाटनात उणे पडले म्हणायचे, ही समीक्षा न्यायाची नव्हे. अजिंठ्याची रेषा काटेकोर तिर्यक प्रक्षेपणाची आहे असा माझा दावा नाही. तिथे अनेक रीती एकत्र नांदतात. दावा एवढाच की त्या रीती कशासाठी आहेत हे विचारल्याशिवाय त्यांना गुण देता येत नाहीत.

हा प्रश्न युरोपातल्या विचारवंतांनीही विचारला आहे. एर्विन पानोफ्स्की यांनी १९२७ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात दाखवले की यथार्थदर्शन एक डोळा मिटलेला आणि दुसरा न हलणारा असा पाहणारा गृहीत धरते, आणि असा माणूस प्रत्यक्षात नसतो; ती पाहण्याची एक सांस्कृतिक घडण आहे. त्याआधी रशियात पावेल फ्लोरेन्स्की यांनी देवप्रतिमांच्या उलट्या दर्शनाची बाजू मांडली होती. अलीकडे इटालियन वास्तुविशारद मास्सिमो स्कोलारी यांनी तिरक्या रेखनाचा स्वतंत्र इतिहासच लिहिला. २०१२ मध्ये तो इंग्रजीत आला. या सर्वांचे ऋण मान्य करूनही एक उणीव जाणवते. हे लेखन बहुतांशी पाहणाऱ्याच्या बाजूने होते. करणाऱ्याचा, म्हणजे त्या रेखाटनावरून लाकूड कापणाऱ्या, दगड रचणाऱ्या माणसाचा विचार त्यात कडेकडेने येतो.

पोल्के यांचे प्रमेय

तिरक्या रेषेच्या बाजूने सर्वांत मोठी साक्ष कलेच्या इतिहासातून येत नाही. ती बर्लिनमधल्या भूमितीच्या एका शिक्षकाची आहे. कार्ल पोल्के हे चित्रकार होते आणि वर्णनात्मक भूमिती शिकवत. १८५३ च्या सुमारास त्यांना सुचलेले प्रमेय १८६० मध्ये प्रसिद्ध झाले, आणि त्याची सोपी सिद्धता हेर्मान श्वार्त्झ या त्यांच्या विद्यार्थ्याने १८६४ मध्ये दिली. प्रमेय सांगायला सोपे आहे. कागदावर एका बिंदूतून कोणत्याही लांबीच्या, कोणत्याही दिशांच्या तीन रेषा काढा. त्या तिन्ही एकाच सरळ रेषेत नसल्या म्हणजे झाले. त्या तीन रेषा कोणत्या ना कोणत्या घनाच्या एका कोपऱ्यातील तीन कडांचे समांतर प्रक्षेपण असतातच.

याचा अर्थ सावकाश समजून घेण्यासारखा आहे. एखाद्या जुन्या चित्रकाराने किंवा शाळकरी मुलाने चौकोन काढून त्याला मनास येईल तशा तिरक्या, पण परस्परांना समांतर रेषा जोडल्या, तर त्याने काढलेला ठोकळा चुकीचा असूच शकत नाही. सूर्य कुठल्या तरी दिशेला आणि भिंत कुठल्या तरी कलाने असताना खऱ्या ठोकळ्याची सावली तशीच पडेल. 'असा ठोकळा दिसत नाही' असे म्हणता येईल. 'असा ठोकळा नसतो' असे म्हणता येणार नाही. ज्या रेखाटनाला प्राथमिक, बालिश, अशास्त्रीय म्हटले गेले त्याच्या पाठीशी असे प्रमेय उभे आहे. मुलांच्या चित्रांचा अभ्यास करताना तिरक्या रेषांची अवस्था आधीची आणि लोपबिंदूची अवस्था पुढची अशी चढती भाजणी मांडतात. ती वर्णन म्हणून बरोबर असेल. पण कोणती पायरी वरची हे भूमितीने ठरवलेले नाही, ते शाळेने ठरवले आहे.

तिरक्या रेषेचे दोष

वकिली करताना अशिलाचे दोष झाकू नयेत. पहिला दोष डोळ्यांना लगेच जाणवतो. कॅव्हेलिअर पद्धतीने काढलेला घन घनासारखा दिसत नाही, मागे ताणलेल्या पेटीसारखा दिसतो. मापे सगळी बरोबर आणि रूप मात्र अवघडलेले. कॅबिनेट पद्धतीने खोली निम्मी केली की रूप सुधारते, पण मग मागची मापे वाचताना दुप्पट करावी लागतात. मापही खरे आणि दिसणेही खरे, असे दोन्ही एका सपाट कागदावर पूर्णपणे साधत नाही. ही काही त्या पद्धतीची लबाडी नाही, सपाट कागदाचीच मर्यादा आहे. पण मर्यादा आहे खरी.

दुसरा दोष अधिक गंभीर आहे. लुई अल्बर्ट नेकर हा स्विस स्फटिकशास्त्रज्ञ स्फटिकांची रेखाचित्रे पाहत असताना त्याच्या लक्षात आले की आकृती आपोआप पालटते. पुढची बाजू मागे जाते आणि मागची पुढे येते. १८३२ मध्ये त्याने हे निरीक्षण प्रसिद्ध केले. आकाशकंदिलाच्या सावलीतही हे करून पाहता येते. दोन्ही चौरस सारख्याच मापाचे असल्याने जवळचा कोणता हे सावली सांगत नाही. यथार्थदर्शनात मोठे ते जवळचे, ही खूण असते. समांतर रेखनाने ती सोडून दिलेली आहे. याच फटीतून पुढे अशक्य वस्तू आत शिरल्या. लायोनेल आणि रॉजर पेनरोझ या पितापुत्रांनी १९५८ मध्ये मांडलेला त्रिकोण आणि त्यावर एशरने १९६१ मध्ये रचलेला धबधबा ही त्यांतली प्रसिद्ध उदाहरणे. समांतर रेषांच्या प्रामाणिकपणावर आपला इतका विश्वास असतो की त्यांच्या आधारे फसवणूकही करता येते.

तिसरा मुद्दा नैतिक आहे. डोळा अनंत अंतरावर नेला की माणसाची जागा सुटते, आणि त्या रिकाम्या जागी सेनापती येऊन बसू शकतो. तटबंदीच्या त्या नकाशांत गल्लीबोळ, घरे, विहिरी सगळे सारख्याच अलिप्तपणे दाखवलेले असते. कोणाच्याही नजरेतून न पाहणे म्हणजे सर्वांना समान न्याय, असे नेहमीच होत नाही. विसाव्या शतकात एल लिसित्स्कीसारख्या चित्रकारांनी आणि डच वास्तुविशारदांनी समांतर रेखनाला नव्या, मोकळ्या अवकाशाचे चिन्ह मानले. त्यांचा उत्साह समजण्यासारखा आहे. पण पद्धत स्वतःहून ना मुक्त असते ना जुलमी. तिच्यातून कोण कोणाला काय सांगतो आहे, हे दर वेळी पाहावे लागते.

वचन कोणाला?

महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या मुलांनी एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षा दिल्या. इंटरमिजिएटमध्ये स्थिरचित्राचा एक पेपर असतो आणि भूमितीच्या पेपरात घनभूमिती असते. स्थिरचित्रात तांब्याचे तोंड गोल काढले तर गुण जातात. ते जसे दिसते तसे, लंबगोल काढायचे असते. घनभूमितीत मात्र वृत्तचितीच्या वरच्या दृश्यात वर्तुळ वर्तुळच राहिले पाहिजे. ते डोळ्याला दिसते तसे काढले तर गुण जातात. त्याच परीक्षेत, त्याच विद्यार्थ्याला, दोन खरेपणे मागितलेले आहेत. हा विसंवाद नाही. एका पेपरात वचन डोळ्याला दिलेले आहे, दुसऱ्यात वस्तूला. दुर्दैव असे की पुढे पहिल्या पेपराला आपण कला म्हणालो आणि दुसऱ्याला तंत्र, आणि दोघांची ओळख पुन्हा करून दिली नाही. चित्रकलेच्या इतिहासात सुताराचा कागद आला नाही, आणि वर्कशॉपमध्ये अजिंठा आला नाही.

या दुराव्याची किंमत कोण मोजते याचे एक रोजचे उदाहरण देतो. नव्या इमारतीची जाहिरातपत्रिका पाहा. मधल्या पानावर दिवाणखान्याचे झगझगीत यथार्थदर्शन असते. डोळा कोपऱ्यात, जमिनीपासून जरा खाली नेलेला, दृष्टिक्षेत्र माणसाच्या नजरेला सहज मिळणार नाही इतके रुंद. त्यामुळे दहा फुटांची खोली वीस फुटांची भासते. तळाशी बारीक अक्षरांत हे कलाकाराच्या कल्पनेतले चित्र असल्याची सूचना असते. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने कार्पेट एरिया म्हणजे काय हे निश्चित केले आणि तो सांगणे बंधनकारक केले, ते आकड्यांपुरते. चित्रावर तसे बंधन आणणे अवघड आहे. पण त्याच खोलीचा तळ जशाच्या तसा ठेवून भिंती समांतर रेषांनी वर उचललेले साधे रेखाटन दिले, तर पलंग टाकल्यावर कपाटाचे दार उघडेल की नाही हे कर्ज काढणाऱ्या माणसाला फूटपट्टी लावून पाहता येईल. ऑग्युस्त श्वाझी या फ्रेंच अभियंत्याने १८९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या वास्तुकलेच्या इतिहासात प्राचीन इमारती अशाच उलगडून दाखवल्या आहेत. तळ, छेद आणि उंची एकाच आकृतीत. त्या चित्रांनी भारावून जायचे नसते, ती मोजायची आणि समजून घ्यायची असतात.

यथार्थदर्शन खोटे आहे असे मी म्हणत नाही. संध्याकाळच्या रस्त्याचे खिन्न लांबणे किंवा देवळाच्या गाभाऱ्याकडे ओढले जाणे त्याच्याशिवाय सांगता येणार नाही. ते पाहणाऱ्याच्या अनुभवाशी इमान राखते. तिरकी रेषा वस्तूशी आणि ती वस्तू घडवणाऱ्या हातांशी इमान राखते. समीक्षेने एकाला सत्याचे नाव देऊन दुसऱ्याला तिरके ठरवले, तेव्हा घडवणाऱ्याच्या ज्ञानापेक्षा पाहणाऱ्याच्या अनुभवाला वरचे स्थान आपोआप मिळाले. परिभाषा बदलण्याचा आग्रह धरणे आता व्यर्थ आहे. 'यथार्थदर्शन' हा शब्द राहणारच. पण तो वापरताना पुढचा प्रश्न विचारण्याची सवय लावून घेता येईल: यथार्थ, पण कोणासाठी? सुताराला पाट करायला सांगताना आपण जमिनीवर खडूने जी आकृती काढतो, ती बहुधा एक सरळ चौकोन आणि त्याला जोडलेल्या तीन तिरक्या रेषा अशीच असते. तो ती पाहतो, एक-दोन मापे विचारतो आणि कामाला लागतो. त्या आकृतीने दिलेले वचन पाळले गेले की नाही, ते पाट जमिनीवर डगमगला की कळते.